बांधावरची दुसरी बाई

आई, आज दुपारी बाबांचा पाय कापणार आहेत. गुडघ्याखालून, असं ताई म्हणाली. साखरेमुळे बोटं आधीच गेली होती. आता काळेपणा वर चढू लागला, म्हणून डॉक्टरांनी आणखी वाट बघायला नको असं सांगितलं. बाबा खोपोलीच्या हॉस्पिटलात आहेत, ताई आणि भावोजी त्यांच्याजवळ आहेत, आणि मी इथे शेलूला माझ्या खोलीत बसून तुला हे लिहितो आहे. दुकानातून सुट्टी घेतली आहे. कपडे घालून तयार आहे. चपला दाराशी सरळ लावून ठेवल्या आहेत. समोर तुझा कॉम्प्युटर चालू आहे आणि त्यावर आपला तो जुना खेळ. त्याचं खरं नाव इंग्रजीत आहे, ते तू कधी विचारलं नाहीस. तू त्याला मेंढरांचा खेळ म्हणायचीस.

ताईचा फोन काल संध्याकाळी आला. "बाबांना उद्या आत नेणार हायेत. तू येतोस ना?" मी म्हटलं, "मी येऊन काय करणार ताई? सह्या तू करतेस, डॉक्टरांशी भावोजी बोलतात. मला त्यातलं काय कळतं?" ती म्हणाली, "तुला कुणी काय करायला बोलावलंय? बाबा सारखे दरवाज्याकडं बघतात. शेलूवाला आला का, इचारतात." मग मी विचारलं, "कुठला पाय?" "डावा," म्हणाली, आणि मग तिला राग आला. "डावा नि उजवा, काय करणारेस ते जाणून? तुझं हे असंच. आई जायला टेकली होती तवाबी तू औषधाच्या बाटल्या ओळीत लावत होतास." एवढं बोलून तिने फोन ठेवला. बाटल्या मी लावत होतो हे खरं आहे.

हा कॉम्प्युटर आपल्याकडे कसा आला ते तुला सांगायची गरज नाही, पण मला ते लिहायला आवडतं. मोहोपाड्याच्या कॉलनीत तू ज्या साहेबांकडे पोळ्या करायचीस, त्यांची बदली झाली. सामान बांधताना त्यांच्या बाईंनी हा तुला दिला. त्यांचा मुलगा शिकायला बाहेर गेला होता, त्याला नवा हवा होता. तू टेंपोवाल्याला गळ घालून, भाजीच्या टोपल्यांच्या मध्ये पेंढ्यात बसवून तो वाडीत आणलास. मी तेव्हा दहावीत दुसऱ्यांदा गणितात नापास होऊन घरी होतो आणि लोकांनी विचारू नये म्हणून दिवसा बाहेर पडत नव्हतो. "शिक ह्याच्यावर कायतरी," तू म्हणालीस. बाबा म्हणाले, "शिकंल. आधी ह्यो चालू कुठनं होतो ते तरी शोधू दे त्याला." चालू झाल्यावर त्यात शिकण्यासारखं काही सापडलं नाही. साहेबांच्या मुलाने सगळं पुसून टाकलं होतं. हा एक खेळ तेवढा राहिला होता. तो विसरला असेल, किंवा पुसायला त्याचा हात धजावला नसेल. आता दुकानात मी रोज लोकांचे जुने कॉम्प्युटर उघडतो तेव्हा मला दुसरं कारण खरं वाटतं.

खेळ जुन्या काळातल्या राज्यांचा आहे. सुरुवातीला एक चावडीसारखी मोठी इमारत असते, तिच्याभोवती तीन माणसं, एक घोडेस्वार, जवळपास चुकलेली थोडी मेंढरं, आणि बाकी सगळीकडे काळोख. आपलं माणूस चालत जाईल तेवढाच काळोख फिटतो. अन्न, लाकूड, दगड, सोनं गोळा करायचं, घरं बांधायची, शेतं करायची, माणसं वाढवायची आणि शेवटी सैन्य उभं करून दुसऱ्याचं गाव मोडायचं. तो दुसरा आपल्यासाठी थांबत नाही. आपण विचार करत बसलो तरी काळोखात कुठेतरी त्याचं काम चालूच असतं. मला हे फार लागायचं. मी ओठ आवळून खेळायचो आणि कोपऱ्यातलं एक बटण सारखं दाबायचो. गावातलं कोण रिकामं उभं आहे ते ते बटण दाखवतं. कुणीच रिकामं नसलं की ते विझतं. विझलं की मला श्वास घेता यायचा.

तो पहिला दिवस मला अजून दिसतो: तू माझ्या मागे सूप घेऊन तांदूळ निवडत बसली आहेस. अजून तुला यातलं काही माहीत नाही.

"ही बाई कोण रं?"

"गावातली आहे. काम करते."

"नि ती लाल लाल झुडपं?"

"फळं आहेत कसली तरी. तोडली की अन्न वाढतं."

"करवंदं म्हण की. मग पाठव तिला, उभी काय केलीस?"

मी त्या बाईवर माऊस दाबला आणि ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली. तू हात थांबवलास. "काय म्हणाली?" मी म्हटलं, "हो म्हणाली." तू परत सूप हलवलंस. "हो म्हणालीच असंल. बाईमाणूस, दुसरं काय म्हणणार?" तेवढं बोलून तू हसलीस. त्या वर्षात आपल्या घरात कुणी हसलेलं मला दुसरं आठवत नाही.

मग दुपारी पोळ्यांचं काम आटपून आलीस की तू बसायला लागलीस. पडद्यावरची अक्षरं तुला येत नव्हती, पण चित्रांवरून सगळं ओळखायचीस. पोळपाटावर लाटणं धरावं तसा तू माऊस सगळ्या तळहाताने धरायचीस आणि एकेका माणसाला सांगून कामाला पाठवायचीस. "जा गं बाय, ऊन व्हायच्या आत जा." पहिल्या काही दिवसांतच ते झालं. तू एका बाईला करवंदाला पाठवलंस, लांब, रानाच्या कडेला. काळोखातून लांडगे आले. तिने हातातल्या सुरीने थोडा वेळ त्यांना झुंजवलं आणि मग ती पडली. "उठव तिला," तू म्हणालीस. मी सांगितलं, "उठत नाही गं. इथे मेलं की मेलं." तू उठून हात धुतलेस आणि चुलीकडे गेलीस. त्यानंतर बरेच दिवस तू कॉम्प्युटरवर नुसतं फडकं घालायचीस. मला वाटलं संपलं. एका दुपारी तू आपणहून येऊन बसलीस आणि म्हणालीस, "आता जोडीनं पाठवायच्या."

आपल्या वाडीतून बायका डोंगराकडे लाकूडफाट्याला जोडीनेच जायच्या. एखादी निघाली की दुसरी हातातलं ठेवून तिच्याबरोबर चालायला लागायची, तिच्या घरी फाट्याचा ढीग असला तरी. तो नियम कुणी केला नव्हता आणि कुणी मोडत नव्हतं. तू तो उचलून खेळात नेलास. झुडपांवर, झाडांवर ते चालून जायचं. शेतावर मात्र अडायचं, कारण हा खेळ एका शेतावर एकच माणूस घेतो. दुसरं पाठवलं तर ते बांधावर नुसतं उभं राहतं. तुला ते चालायचं. प्रत्येक शेतात एक बाई वाकलेली आणि बांधावर एक उभी, असं आपलं गाव दिसायचं, आणि माझं ते कोपऱ्यातलं बटण कधी विझायचं नाही. तू भाकऱ्या थापायला गेलीस की मी त्या सगळ्या उभ्या बायांना गोळा करून लाकडं तोडायला पाठवायचो. तू हात पुसत परत यायचीस आणि त्यांना एकेकीला शोधून माघारी आणायचीस.

"आई, ही रिकामी आहे. असं केलं तर आपलं लाकूड कमी पडतं."

"रिकामी कुठं हाय? ती तिच्यासंगं हाय."

"त्याने काय होतं पण?"

"अरं, बाई दिसभर शेतात वाकलेली. कवा मान वर केली तर कुणी दिसाया नको?"

त्यामुळे आपण हरायचो. सैन्य करायला आपल्याकडे लाकूडही नसायचं आणि सोनंही. काळोखातून दुसऱ्याचे घोडेस्वार आले की मी खुर्चीवरून अर्धा उठायचो, आणि तू शांतपणे घंटा वाजवायचीस. घंटा वाजवली की गावातली सगळी माणसं काम टाकून चावडीत शिरतात. मग ते घोडेस्वार घरं जाळत राहायचे आणि तू म्हणायचीस, "जाऊ दे. पीक तर निघालं." मला ते तेव्हा पटायचं नाही.

हरलो की खेळ नव्याने सुरू व्हायचा, आणि तुला त्यातलं ते नव्याने सुरू होणंच सगळ्यात जास्त आवडायचं. पुन्हा तीच चावडी, तीच तीन माणसं, तीच चुकार मेंढरं. "हितं बरं हाय," तू एकदा म्हणालीस. "सगळ्यांना सारखंच. कुणाला आज्यापंज्याचं काय येत नाय." मी बघितलं तर तू हे पडद्याकडे बघत, अगदी सहज म्हणालीस. खेळात एक साधू असतो. तो दुरून हात वर करून मंत्र म्हणत राहतो आणि समोरचा शिपाई थोड्या वेळाने आपल्या बाजूचा होतो. तो पहिल्यांदा दिसला तेव्हा तू विचारलंस, "भन्तेजी का रं हे?" मी म्हटलं, "नाही गं, त्यांच्या तिकडचे कुणीतरी आहेत." तू त्याचं मंत्र म्हणणं संपेपर्यंत थांबलीस. एक शिपाई आला. "एवढ्या येळात एकच? आमच्या सासऱ्यांनी सांगितल्यालं, सगळी आळी एका दिसात बौद्ध झाली. ह्यांच्यासारखं एकेकाला धरून बसले असते तर मी अजून तिकडंच असते." बाबा दारात होते. ते मोठ्याने हसले, आणि तेव्हा मला कळलं की ते दारात आहेत.

बाबा नेहमी दारातच असायचे. रसायनीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे गोण्या चढवून यायचे, हातपाय धुवायचे आणि उंबऱ्यावर एक पाय टेकून तुझ्या मागे उभे राहायचे. "काय राणीसायेब, आज कुणाचं राज्य घेतलं?" तू मान न वळवता म्हणायचीस, "राज्य नाय वो, करवंदं काढतीय. बसा की." "नाय, बरा हाय उभा." ते कधी बसले नाहीत. खेळाला ते पोरकटपणा म्हणायचे, मला तर तोंडावर म्हणायचे, "ह्या वयात मी मुकादम झालो असतो." पण एखादं मेंढरू झाडाआड राहिलं की त्यांना राहवायचं नाही. "ते बग, डावीकडं. राह्यलं ते." दिवसभर उभं राहून आलेला माणूस घरी येऊन परत उभा राहतो, याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही. मी खेळ बघत होतो.

मग तुझं पोटाचं दुखणं निघालं. ते सगळं मी लिहीत नाही. एक दिवस तेवढा लिहितो. सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डात तू रांगेच्या टोकाला होतीस, भिंतीकडेच्या खाटेवर. ताई डॉक्टरांच्या मागे धावत होती, बाबा रक्ताची सोय बघायला गेले होते. मी तुझ्या उशाशी उभा होतो. सिस्टर म्हणाल्या, "अरे, इथे गर्दी नको. तू उभा राहून काय होणार आहे? बाहेर बाकावर बस." मी लगेच निघालो, कारण त्यांचं बरोबर होतं. तू डोळे मिटलेलेच ठेवून म्हणालीस, "असू द्या सिस्टर. तो हाय तिथं असू द्या." म्हणून मी थांबलो. हातांना काही काम नव्हतं, तर टेबलावरच्या बाटल्या सरळ केल्या, लेबलं एका बाजूला आणली. जेवणाची वेळ झाली, वॉर्डात ताटं वाजायला लागली, आणि त्या आवाजात तू गेलीस. मी उभाच होतो. माझ्या उभं राहण्याने काहीही झालं नाही, सिस्टर म्हणाल्या होत्या तसंच.

त्यानंतर मी ही गोष्ट मनात पक्की केली आणि तिच्यावरच राहत आलो. जिथे मला करण्यासारखं काही नाही तिथे मी जात नाही. बारशाला, साखरपुड्याला, कुणाच्या दुखण्याला नाही. वस्तू आली की दुरुस्त करतो. नेरळच्या दुकानात शेठ माझं कौतुक करतात, कारण मी स्क्रू काढले त्याच क्रमाने मांडून ठेवतो आणि एकही उरत नाही. इमारतीत माझ्या मजल्यावर कोण राहतं ते मला माहीत नाही. खेळ मी रोज खेळतो, आणि आता मी हरत नाही. माझ्या गावात बांधावर कुणी उभं नसतं. बटण कायम विझलेलं असतं. माझं सैन्य वेळेवर निघतं, दुसऱ्याचं गाव मोडतं, पडद्यावर जिंकल्याची अक्षरं येतात. ती वाचून मी कॉम्प्युटर बंद करतो आणि भात लावतो.

हा खेळ इतकी वर्षं लोकांना का सोडवत नाही, हे मी दुकानात बसून पुष्कळदा बघितलं आहे. मध्यंतरी एक निवृत्त काका जुन्या कॉम्प्युटरचा डबा उराशी धरून आले. त्यांनी सांगितलं, "फोटो गेले तरी चालतील, तो राज्यांचा खेळ वाचव." शेठ म्हणाले, "काका, त्याची नवीन आवृत्ती निघालीय की. चित्रं बघाल तर येडे व्हाल." काका म्हणाले, "नातू खेळतो नवीन. मी आपला जुन्यात बरा. तिथं मेंढरं कुठं गेली असतील ते मला ठाऊक असतं." दुकानातली पोरं हसली. मी हसलो नाही. मी नवीनही बघितलं आहे. त्यात शेताचा कस संपला की ते आपोआप पुन्हा पेरलं जातं. आपल्या जुन्यात शेत तपकिरी पडतं आणि आपण जाऊन पेरेपर्यंत तसंच राहतं. आपलं लक्ष लागतं त्याला. माझ्यासारख्याला तेच हवं असतं, कशावर तरी लक्ष ठेवायला मिळणं, आणि लक्ष ठेवलं तर ती गोष्ट वाचते असा भरवसा. बाहेर तो भरवसा नाही. बाबांचा पाय मी दर महिन्याला बघत होतो. घरी गेलो की पहिलं तेच बघायचो, त्यांच्या तोंडाकडे बघायच्या आधी.

आज सकाळी मी नवा डाव सुरू केला, निघेपर्यंत वेळ जावा म्हणून. मेंढरं आणली, करवंदं काढली, पहिलं शेत केलं आणि त्यावर एक बाई लावली. ती वाकली. मी दुसरी बाई लाकडाला पाठवायला उचलली आणि का कोण जाणे, तिला शेताच्या बांधावर नेऊन सोडलं. तू गेल्यापासून मी हे कधी केलं नव्हतं. कोपऱ्यातलं बटण पेटलं. मी ते दाबलं नाही. बराच वेळ मी नुसता बघत राहिलो. शेतातली बाई मान वर करत नाही, आई. खेळात तशी सोयच नाही. तिला कळत नाही की दुसरी तिथे आहे. पण मी ते बघत असताना मला दारातले बाबा दिसले, उंबऱ्यावर पाय टेकून. त्यांच्याकडे तूही मान वळवत नव्हतीस. तरी ते आले नाहीत त्या दिवशी, पाळी बदलून रात्रीची झाली होती तेव्हा, तू दोनदा दाराकडे बघून विचारलं होतंस, "वाजलं किती रं?" आणि त्या दिवशी करवंदं अर्धी टाकून तू उठलीस.

डाव अजून चालू आहे. मी पत्र लिहीत असताना घोडेस्वार आले वाटतं, कारण एक घर जळतं आहे. शेताजवळ ते अजून पोचलेले नाहीत. मी घंटा वाजवलेली नाही. कॉम्प्युटर असाच चालू ठेवून जाईन. एवढी वीज आज जाऊ दे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं. तरी मी ते सावकाश लिहिलं, ऱ्हस्व-दीर्घ बघून घेतले, खोडलेल्या ओळी पुन्हा नीट उतरवल्या, कारण लिहून होत नाही तोवर मला निघावं लागत नव्हतं. दुपारच्या आत पोचवणारी गाडी अजून आहे. ती मी काल फोन ठेवल्या ठेवल्या बघून घेतली होती. आणि एक गोष्ट ताईला सांगितली नाही, ती तुला सांगतो. कुठला पाय, ते मी उगाच विचारलं नव्हतं. खाटेच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, ते मला आधी ठरवून ठेवायचं होतं.